तोंडातले चट्टे, डाग, गाठी: तुमचे अनुभव लिहा

सदाफुली

तोंडाच्या आत दिसलेल्या चमत्कारिक गोष्टींवर हा धागा काढतेय. पांढरा चट्टा, लाल डाग, काळा ठिपका, न भरणारा फोड, टाळूची गाठ, काहीही चालेल. लिहिताना एवढं मात्र सांगा: तोंडात नेमकं कुठे होतं, दुखत होतं का, किती काळ टिकलं, कुणाला दाखवलं आणि निघालं काय. औषधाचं नाव आलं तर हरकत नाही, पण "मला गुण आला, तुम्हीही घ्या" हे नको.

सुरुवात मी करते. वय सत्तेचाळीस, तंबाखू-सुपारी काही नाही. मिसळ, ठेचा, अगदी टोमॅटोचं सारसुद्धा गालाला आतून झोंबायला लागलं. मी पित्तावर ढकलत राहिले. दात साफ करायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गाल आरशाने बाजूला ओढून मलाच दाखवलं: दोन्ही गालांच्या आत, दाढांच्या समोर, पांढऱ्या बारीक रेषांची जाळी आणि मधेमधे लालसर, सोललेली जागा. बोटाने पुसून जात नव्हती.

त्यांनी विचारलेले प्रश्न मला भारी वाटले. चट्ट्याला चांदी भरलेली दाढ घासते का? बीपीची किंवा कुठली नवी गोळी सुरू झालीय का? मनगटावर खाजणारे जांभळट पुरळ येतात का? मनगटाचं खरंच होतं, आणि ते मी बांगड्यांची ॲलर्जी म्हणून सोडून दिलं होतं! तुकडा काढून तपासायला पाठवला, एक टाका पडला. निदान आलं लायकेन प्लॅनस. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उठते. संसर्गजन्य नाही. (मी लेकीच्या ताटातलं उष्टं खाणंही बंद केलं होतं, डॉक्टर हसले.) जागा कापसाने कोरडी करून स्टिरॉइडची पेस्ट लावायची, फेस न करणारी टूथपेस्ट वापरायची, तिखट जपून. कमी होतं, परत येतं, घरात ताण असला की हमखास. शंभरात एखाद्याच्या बाबतीत पुढे जाऊन यातून कर्करोग उद्भवू शकतो म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. तेवढं मी करते, बाकी त्याचा विचार करत बसत नाही.

खिडकीतला

माझं छोटंसं आहे. कॉलेजात असताना वरच्या ओठाच्या आत आणि गालात पिवळट पांढरे रव्याएवढे ठिपके दिसले. ओठ ताणला की जास्त उठून दिसायचे. दुखत नाहीत, खाजत नाहीत, कमीही होत नाहीत. रात्री दोनला मोबाइलवर शोधलं आणि जगातले सगळे गुप्तरोग मला झालेत अशी खात्री पटली. मैत्रिणीशी बोलणं बंद केलं, तिला कारण सांगायचीही सोय नव्हती.

त्वचारोगतज्ज्ञांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, फॉर्डाइस. त्वचेत तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, त्याच काही जणांच्या ओठात-गालात असतात. मोठ्या माणसांत शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना असतात म्हणे, फक्त आरशात एवढं कुणी बघत नाही. उपचार काहीच नाही, कारण आजारच नाही. फी मात्र पूर्ण घेतली.

झाडीपट्टी

चंद्रपूरकडून लिहितो. आमच्या साळ्याची गोष्ट आहे, त्याला विचारूनच लिहितोय.

आमच्याकडे खर्रा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून पानठेल्यावर घोटतात, पुडी बांधून देतात. लग्नात पाहुण्याला आधी पाणी की आधी खर्रा, असा प्रकार. शाळेतली पोरंही खातात. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा काही कारखान्यात बनत नाही. ठेल्यावर ताजा घोटून मिळते, तो कोण थांबवणार?

साळा दहावीपासून खायचा. पहिली गोष्ट कळली ती त्याच्या बायकोला. सावजी रस्सा ओरपणारा माणूस वरणात तिखट जास्त झालं म्हणून ओरडायला लागला. मग पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना. घास लहान करू लागला, चमचा आडवा धरू लागला. शिट्टी वाजवता येईना, हे तर पोरानं पकडलं. कुठं दुखते म्हणून विचारलं तर म्हणे, कुठंच दुखत नाही.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथल्या मॅडमनी पहिलं काम हे केलं: तुझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधात घाल म्हणाल्या. दोन बोटं जेमतेम गेली. मग गालात बोट फिरवून मला दाखवलं. आतली चामडी गुलाबी असायला पाहिजे, याची पांढरीफटक आणि ताणलेली. बोटाला आत उभे पट्टे लागत होते, दोरी ताठ ओढावी तसे. ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. मॅडम म्हणाल्या, जे आखडलं ते पूर्ण पहिल्यासारखं होणार नाही, पण खर्रा आज सुटला तर पुढं जाणं थांबेल आणि थोडं उघडेल.

गालात इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. खरी मेहनत व्यायामाची. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांच्या मधात धरायच्या, बसल्या की त्यात एक काडी सारायची. दिवसातून चार-पाच वेळा, डोळ्यात पाणी येईस्तोवर. पोरगा बाजूला बसून काड्या मोजते. आता अडीच बोटं जातात. खर्रा सुटला असं तो म्हणते. बायको म्हणते, महिन्यात एखादा दिवस शर्टाच्या खिशाला वास येते.

दातांची डॉक्टर

झाडीपट्टी, फार नेमकं लिहिलंत. काड्यांचा व्यायाम लोक पहिल्या आठवड्यात सोडतात, तुमच्या साळ्याने टिकवलाय हे मोठं आहे.

या आजाराचं एक सांगते. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि १९५३ साली मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे हा आपल्या खाण्याच्या सवयीचा आजार आहे हे आरंभापासून दिसत होतं. आणि दोष एकट्या तंबाखूचा नाही. सुपारीतला ॲरेकोलीन हा घटक गालातल्या तंतूंची वाढ करतो आणि जुने तंतू झिजू देत नाही, म्हणून पट्टे तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीला, तंबाखूविनाही, कर्करोगकारक ठरवलंय. तरी माझ्याकडे आया येतात, पोराच्या दप्तरात सुगंधी सुपारीच्या पुड्या असतात, आणि म्हणतात, "तंबाखू नाही हो, साधी सुपारी आहे."

आता चट्ट्यांबद्दल. पांढरा चट्टा गॉजने पुसून गेला तर बहुधा बुरशी. पुसून गेला नाही तर आम्ही आधी कारण शोधतो: टोकदार दात घासतोय, कवळी रुततेय, गाल चावायची सवय आहे, लायकेन आहे. यातलं काहीच सापडलं नाही तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि तुकडा तपासावाच लागतो. मखमली लाल चट्टा दिसला तर मी पांढऱ्यापेक्षा जास्त घाबरते. तो बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून पेशंट येत नाही. तोंड आलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी धावत येतो, कारण त्याला पाणी पिववत नाही. त्याचा फोड आठ-दहा दिवसांत आपोआप भरतो.

अबोली

सासूबाईंची दाढ दुखत होती, रविवार, दवाखाना बंद. मामंजींनी कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून दाढेत दाबून दिला. दाढ कमी दुखली म्हणून रात्रभर बोळे बदलत राहिले. सकाळी दाढेच्या बाजूची हिरडी आणि गाल पांढरा, सालपट निघालेलं, हात लावला की खालून रक्त. सासूबाई रडायलाच लागल्या, कॅन्सर झाला म्हणून.

डॉक्टर म्हणाले, भाजलंय. निव्वळ लवंगतेल इतका वेळ एका जागी राहिलं की चामडी जळते. दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवणारेही असेच भाजून घेतात म्हणे. मऊ भात, ताक आणि कोमट पाण्याच्या गुळण्या, आठवड्यात नवी चामडी आली. मामंजी अजूनही म्हणतात, "पण दाढ थांबली ना?"

तोंड आल्यावर जाईचा पाला चघळायचा, आमच्या माहेरी सगळे करतात. तो चालतो का डॉक्टर?

दातांची डॉक्टर

साध्या फोडावर पाला चघळून बरं वाटत असेल तर मी अडवत नाही. फोड एकाच जागी दोन आठवड्यांच्या वर राहिला की पाला बंद, दवाखाना सुरू.

रानवाट

आईचं लिहितेय. गाव साताऱ्याकडचं. आमच्याकडच्या बायकांच्या मशेरीबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. भाजताना घरभर असा वास सुटतो की पोरं खोकत अंगणात पळतात. सकाळी त्याने दात घासायचे, मग दुपारी जेवल्यावर परत, मग झोपायच्या आधी. घासायचं निमित्त, चिमूट ओठाच्या आत तशीच राहते. आईला कुणी विचारलं तंबाखू खाता का, तर ती ठणकावून सांगते, "न्हाय बाई, आमच्यात कुणी खात न्हाय." आणि ते तिच्या लेखी खरं असतं! त्यामुळे दवाखान्यातल्या कागदावर वर्षानुवर्षं "व्यसन: नाही" असंच लिहिलं गेलं.

कवळीचं माप द्यायला नेली तेव्हा खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, पांढरट सुरकुतलेला पट्टा दिसला. बरोब्बर चिमूट बसायची ती जागा. डॉक्टरांनी तंबाखू असा शब्दच न वापरता विचारलं, "मावशी, दाताला काय लावता?" तेव्हा कमरेची डबी निघाली. तपासणीत पेशींमध्ये सौम्य बदल आले, कर्करोग नाही. आधी मशेरी सोडा, मग पुन्हा बघू म्हणाले.

सोडायचं म्हणजे तिचं पोटच साफ होईना, डोकं धरायचं, चिडचिड. तिच्या बरोबरीच्या दोघीजणी रोज संध्याकाळी ओसरीवर डबी घेऊन यायच्याच. आईने त्यांना सांगितलं, डाक्तरनं तोंडात सुरी घातली व्हती, मला दावू नका. या वाक्याने त्यातली एक बाई स्वतःही तपासून आली. आईचा पट्टा आता बराच पातळ झालाय, मागच्या वेळी दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागला नाही.

दुपारचा चहा

दम्याचा पंप सुरू झाला आणि दीड-दोन महिन्यांनी टाळूवर, जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जमायला लागलं. खरवडलं की निघायचं, खाली लाल. चव गेली, चहा कडवट. (नावाप्रमाणे हे माझ्यासाठी फार गंभीर.) पंपातलं स्टिरॉइड घशा-तोंडात साचून बुरशी वाढते. पंप बंद करायचा नसतो! स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून ओढायचा आणि लगेच खळखळून चूळ भरून थुंकायची, बस. बुरशीचं औषध दिलं, गेलं. डॉक्टरांनी साखरही तपासून घेतली, कारण मधुमेह हाताबाहेर असला की हे वारंवार होतं. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांनाही होतं, आमच्या काकांची टाळू त्यानेच लालबुंद झाली होती.

कढीपत्ता

न्यू जर्सीतून. लेक चार वर्षांची असताना तिच्या जिभेवर लाल गुळगुळीत बेटं दिसली, कडेला पांढरी किनार. फोटो काढून आईला नागपूरला पाठवला, आईने जंतांचं औषध सुचवलं. दोन दिवसांनी बघते तर बेटं दुसरीकडेच! डावीकडची गेली, टोकावर नवी आली. पीडियाट्रिशियन बघताक्षणी म्हणाली, जिऑग्राफिक टंग. शंभरात एक ते तीन जणांना असते, जिभेवरचे बारीक कोंब जागोजाग गळतात आणि परत येतात. धोका शून्य. चिंच आणि अननस खाल्लं की तिला झोंबतं, तेवढंच. डाग जागा बदलतो हीच त्याची ओळख, असं तिने सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं, कारण पुढे मावसबहिणीच्या मुलाचं मीच व्हिडिओ कॉलवर ओळखलं. तरी दाखवून घे म्हटलं.

निवृत्त गुरुजी

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. दोन जिभांची हकिगत सांगतो, एक माझी, एक माझ्या स्नेह्याची.

माझ्या जिभेच्या उजव्या कडेला जखम झाली. डॉक्टरांनी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि त्या जागेसमोरची दाढ बोटाने चाचपली. दाढेचा कोपरा तुटून धार आली होती. त्यांनी धार घासून गोल केली, औषध फारसं दिलंच नाही, आणि दोन आठवड्यांनी याच म्हणून बजावलं. "धार गेल्यावर जखम भरली तर ती धारेची. नाही भरली तर तुकडा घेणार," इतकं स्पष्ट. मुदतीच्या आत जखम भरून आली.

माझ्या स्नेह्याची जखमही जिभेच्या कडेलाच. ते तंबाखू मळणारे. दुखत नव्हती म्हणून टाकणखार आणि मध लावणे चालू. अधूनमधून दुकानातून कसलीशी जेल आणत. मग कानात कळ येऊ लागली, तर कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ होता. त्या डॉक्टरांनीच "आ करा" म्हटले आणि पुढचे सारे कळले. मानेत गाठही आलेली होती. परळला टाटा रुग्णालयात जिभेचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, नंतर किरणोपचार झाले. आज ते बोलतात, ते घरच्यांना कळते. मला कळायला थोडा वेळ लागतो, मग ते पाटीवर लिहून दाखवतात, अक्षर अजून सुरेख आहे.

आमच्या तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. गृहमंत्री राहिलेला माणूस, वय अवघे ५७. त्या आठवड्यात आमच्या चावडीवर बऱ्याच जणांनी तंबाखूच्या पिशव्या फेकल्या. त्यातल्या किती परत शिवल्या गेल्या ते मी शिक्षक असूनही मोजले नाही.

मातीचा माठ

समोरच्या हिरडीवर निळसर काळा ठिपका. वाढत नाही, दुखत नाही. मी मेलॅनोमा, म्हणजे काळ्या डागाचा कॅन्सर, वाचून बसलेली. एक्स-रेमध्ये त्याच जागी धातूचे बारीक कण दिसले. लहानपणी शेजारच्या दाताला चांदी भरली होती तिचा कीस हिरडीत शिरून बसलेला. गोंदणच म्हणायचं.

दुसरं, माझ्या हिरड्या एकूणच काळपट आहेत, आजोबांच्याही तशाच. एका क्लिनिकमध्ये त्या लेझरने गुलाबी करून देतो म्हणून पॅकेज सांगितलं. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आपल्याकडे निम्म्या लोकांच्या हिरड्या अशा असतात, रंग आहे तो, रोग नाही.

उंबरठा

काळ्या रंगाचाच वेगळा अनुभव. काकांच्या गालांच्या आत आणि हिरड्यांवर तपकिरी काळे डाग नव्याने आले. नव्याने, हे महत्त्वाचं. तळहातांच्या रेषाही काळ्या पडल्या. जोडीला वजन उतरलेलं, उठताना चक्कर, आणि माणूस ताटात वरून मीठ घ्यायला लागलेला. सगळे म्हणत, निवृत्तीनंतर खचलाय. फिजिशियननी तोंड बघून रक्तदाब झोपवून आणि उभं करून मोजला, मग कॉर्टिसोल या संप्रेरकाची तपासणी सांगितली. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काम करेनाशा झाल्या होत्या, ॲडिसन्स म्हणतात. कारण क्षयरोग, तरुणपणी फुप्फुसाचा होऊन गेलेला. गोळ्या जन्मभर आहेत, ताप आला की मात्रा वाढवायची. पण काका आता पुन्हा बाजारहाट करतात आणि मिठावरून काकूंशी भांडतात ते फक्त भांडण म्हणून.

गोधडी

टाळूला मधोमध कडक उंचवटा आहे, जीभ फिरवली की लागतो. किती वर्षं आहे माहीत नाही, काल लक्षात आला आणि झोप उडाली. आणि एक भीती विचारते: तुकडा काढला की आजार पसरतो म्हणतात, ते खरं का?

दातांची डॉक्टर

गोधडी, मधोमध, हाडासारखा कडक, न दुखणारा, वरची कातडी नेहमीच्या रंगाची असेल तर बहुधा टोरस, म्हणजे टाळूच्या हाडाचीच वाढ. पुढे कवळी बसवताना अडचण आली तरच त्याला हात लावतात. तरी एकदा दाखवून घ्या. मऊ असेल, एका बाजूला असेल किंवा वाढत असेल तर थांबू नका.

तुकडा काढल्याने पसरतं हे खरं नाही. माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हेच कारण सांगून परत जातं आणि जेव्हा येतं तेव्हा तोंड उघडत नसतं. मग घरचे म्हणतात, "बघा, त्यांचा तुकडा काढला आणि तीन महिन्यांत गेले." आजार आधीच पसरलेला असतो, बोल तुकड्याला लागतो. भूल देऊन भाताच्या शिताहून थोडा मोठा तुकडा घेतात, दोन-चार दिवस मऊ खायचं. खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे अगदी माफक पैशांत होतं, ओरल मेडिसिनचा विभाग विचारा. कर्करोग निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्या दिवशीच बरोबर ठेवा.

झाडीपट्टी

डॉक्टर, साळ्याच्या खिशाच्या वासाचं काही करता येते का?

दातांची डॉक्टर

१८००-११-२३५६. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी क्रमांक आहे, फुकट, पुडीवरही छापलेला असतो. समुपदेशक स्वतः परत फोन करून विचारपूस करतात. फोन त्याने करायचा, तुम्ही नाही. आणि महिन्यातून एखादा खातो म्हणून त्याला घरात फाडून खाऊ नका, नाहीतर तो पुढच्या तपासणीला यायचाच नाही.